पापणीवरची गाठ आणि डोळ्यातला डाग: चाकू उचलण्याआधी, उचलल्यावर आणि नंतर

शिकत असताना मी एका साठीच्या बाईंच्या वरच्या पापणीतलं कॅलेझियन, म्हणजे तेलग्रंथी तुंबून झालेली साधी गाठ, कापलं होतं. पापणी उलटी केली, चीर दिली, क्युरेटने आतला ऐवज खरवडला, गॉझवर पुसला आणि गॉझ बादलीत टाकलं. कॅलेझियनमधून निघणारा माल बुळबुळीत, जेलीसारखा असतो. हा पिवळट आणि रवाळ होता, दाबला की चुरा होणारा. फरक डोळ्यांना दिसला, डोक्यात शिरला नाही. पाच महिन्यांनी बाई परत आल्या. गाठ त्याच जागी, आणि तिच्यावरचे पापणीचे केस गेलेले. या वेळी माझ्या मॅडमनी तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला. रिपोर्ट आला: सिबेशियस, म्हणजे तेल स्रवणाऱ्या, ग्रंथीचा कॅन्सर.

मला या गाठींबद्दल जे सांगायचंय ते त्या गॉझभोवतीच फिरतं. गाठ नेमकी कसली आहे हे ठरवायची आणि ती पूर्ण काढायची सर्वांत चांगली संधी पहिल्याच वेळी असते. पहिली सर्जरी कच्ची झाली की व्रण पडतो, कडा पुसट होतात, आणि पुढच्या सर्जनला गाठ कुठे संपते ते कळेनासं होतं.

लेख नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या नेत्रतज्ज्ञांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. ज्याच्या पापणीवर गाठ आहे त्यालाही तो वाचता यावा. मात्र रुग्णांनी यातली औषधं स्वतःहून वापरायची नाहीत. काही थेंब चुकीच्या पद्धतीने वापरले तर बुबुळ कायमचं खराब करू शकतात.

आधी विचारा

गाठ किती दिवसांची आहे, वाढते आहे का, खपली धरून परत परत रक्त येतं का, हे सगळेच विचारतात. दोन प्रश्न मात्र हमखास राहून जातात. पहिला: या जागी आधी काही कापलंय का, आणि त्याचा रिपोर्ट कुठे आहे? ‘कापलं होतं, पण तपासायला दिलं नव्हतं’ हे उत्तर आलं की सावध व्हा. दुसरा: जुना फोटो आहे का? लग्नाचे, ओळखपत्राचे, मोबाईलमधले फोटो मोठे करून बघा. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच तीळ तेवढाच असेल तर अर्धी चिंता मिटते.

मग धोक्याचे घटक: वर्षानुवर्षं उन्हात काम, सिगारेट, चेहऱ्यावर पूर्वी घेतलेलं रेडिएशन, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, एचआयव्ही. लहानपणापासून ऊन अजिबात सोसत नसेल आणि अंगभर ठिपके असतील तर झेरोडर्मा पिग्मेंटोझम हा जन्मजात आजार डोक्यात ठेवा. सिबेशियस गाठीच्या रुग्णाला आतड्याच्या कॅन्सरबद्दल विचारा, त्याला आणि त्याच्या घरच्यांना. म्युर-टोरे सिंड्रोम या आनुवंशिक आजारात ही दोन दुखणी एकाच घरात सापडतात.

मग बघा, आणि हात लावा

स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला, घाईने बसवू नका. रुग्णाला खिडकीच्या उजेडात समोर बसवून दोन्ही पापण्या शेजारी शेजारी बघा. एका बाजूची कड जाड आहे का? केसांच्या रांगेत खिंडार पडलंय का? पापणीच्या कडेचा कोन धारदार असतो, तो कुठे गोलसर झालाय का? पापणीचे केस गळणं, मधोमध खड्डा पडून व्रण होणं, कडेची रचना मोडणं आणि वर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसणं, या चारपैकी एक जरी खूण असली तरी ‘बघू महिन्याभराने’ म्हणू नका.

त्यानंतर स्लिट लॅम्प, आणि पापणी उलटी करणं. वरची पापणी उलटी करायला सगळे शिकलेले असतात, पण तिच्याही वरचा कोपरा, म्हणजे फॉर्निक्स, बघायला पापणी दोनदा उलटावी लागते. सुन्न करणारा थेंब घाला, रुग्णाला पायाकडे बघायला सांगा, डेस्मार रिट्रॅक्टर पापणीच्या कातडीवर टेकवून पापणी त्याच्यावर गुंडाळा आणि हलकेच वर उचला. दहा सेकंदांचं काम आहे. बुबुळाजवळच्या मेलॅनोमाचं, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचं, दुसरं बेट किंवा सिबेशियस कॅन्सरची मखमली लाली तिथेच लपलेली असते.

आता बोट. गाठ हाडावर सरकते की चिकटलेली आहे? कपाळाची किंवा गालाची कातडी त्या बाजूला बधिर आहे का? बधिरपणा असेल तर कॅन्सर मज्जातंतूच्या कडेने आत चालला असेल. डोळा पुढे आलाय का, एखाद्या दिशेला वळताना अडतो का, हे बघा. शेवटी कानापुढे, जबड्याखाली आणि मानेत लसिका ग्रंथी चाचपा. घरी ज्याला अवधाण म्हणतात तेच. दुखणारं, मऊ अवधाण बहुधा संसर्गाचं असतं. न दुखणारी कडक गोळी असेल तर सुईने पेशी काढून तपासा.

फोटो घ्या, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. सहा महिन्यांनी ‘वाढलीय का?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आठवणीपेक्षा फोटो खरं देईल.

पापणीवर काय काय असू शकतं

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. मस, तीळ, घामाच्या ग्रंथीची पाण्यासारखी गाठ, कातडीखालची सिस्ट, आतल्या कोपऱ्यातले चरबीचे पिवळे चपटे डाग, म्हणजे झँथेलाझ्मा. झँथेलाझ्माला कोलेस्टेरॉल तपासा, बाकी घाई नाही. मोलस्कम या विषाणूच्या संसर्गाच्या मोत्यासारख्या दाण्यामुळे डोळा महिनोन्‌महिने लाल राहू शकतो. थेंब बदलत बसण्यापेक्षा दाणा काढा. तान्ह्या बाळाच्या पापणीवरची लाल, मऊ रक्तवाहिन्यांची गाठ बहुधा आपोआप विरते, पण ती बाहुली झाकत असेल किंवा बुबुळावर दाब देऊन चष्म्याचा नंबर वाकडा करत असेल तर डोळा आळशी होतो. २००८ पासून यासाठी तोंडाने प्रोप्रॅनोलॉल दिलं जातं, बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा कॅन्सर खालच्या पापणीवर आणि आतल्या कोपऱ्यात जास्त. मोत्यासारखी चमकदार कड, मध्ये खड्डा, वर बारीक रक्तवाहिन्या. तो दूर क्वचितच पसरतो, म्हणून लोक निवांत राहतात. पण आतल्या कोपऱ्यातला बेसल सेल खोल, थेट डोळ्याच्या खोबणीत जातो. त्याचा एक प्रकार मॉर्फिया. त्याला गाठच नसते, पांढरट, कडक, व्रणासारखा पट्टा असतो. दिसतो त्याच्या कितीतरी पुढे तो पोचलेला असतो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कातडीचा दुसरा कॅन्सर खवलेदार, लवकर वाढणारा, लसिका ग्रंथींकडे जाणारा. काही आठवड्यांत ज्वालामुखीसारखी गाठ उठली आणि मध्ये केराटिनचं बूच असलं तर तिला केराटोअकँथोमा म्हणतात. मी तिला स्क्वॅमस समजूनच पूर्ण काढतो.

सिबेशियस कार्सिनोमावर जरा थांबू. गोऱ्या वंशाच्या लोकांत पापणीचा कॅन्सर म्हणजे बहुतांशी बेसल सेल. आशियाई लोकांत मात्र सिबेशियसचा वाटा बराच मोठा आहे, त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तक वाचून ‘हा दुर्मिळ’ असं मनात बसवून घेऊ नका. तो पापणीतल्या मायबोमियन या तेलग्रंथींतून निघतो. या ग्रंथी वरच्या पापणीत जास्त, म्हणून तोही वरच्या पापणीत जास्त. त्याची सोंगं दोन. एक, त्याच जागी परत येणारं कॅलेझियन. दुसरं जास्त फसवं: एकाच डोळ्याची न हटणारी लाली आणि पापणीच्या कडेची सूज. थेंब झाले, मलम झालं, सहा महिने गेले, आणि लाली एकाच बाजूला. पेशी गाठ न करता कंजंक्टायव्हाच्या, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या पातळ पडद्याच्या, थरातून विखरत जातात, त्याला पॅजेटॉइड पसरणं म्हणतात. मध्ये निरोगी पट्टा सोडून पुढे पुन्हा बेट उगवतं. पन्नाशीपुढच्या माणसाचा एकच डोळा महिनोन्‌महिने चिघळत असेल तर बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, होईपर्यंत तो साधा संसर्ग धरू नका.

मर्केल सेल कॅन्सरची जांभळट-लाल, गुळगुळीत, झपाट्याने वाढणारी गाठ आणि पापणीचा मेलॅनोमा हे विरळा. दोन्हींत थांबून वेळ घालवू नये.

पांढऱ्या भागावरची वाढ

इथे रंगावरून सुरुवात करा: रंगहीन, काळी-तपकिरी, की गुलाबी.

रंगहीन वाढीत पिंग्वेक्युला आणि टेरिजियम, म्हणजे डोळ्यात वाढलेलं मांस, रोजचंच. त्यांच्याशी गल्लत होते ती स्क्वॅमस निओप्लाझियाची. तिची पहिली पायरी वरच्या थरापुरती असते, शेवटची म्हणजे खरा कॅन्सर. उघड्या पापण्यांच्या मधल्या पट्टीत, बुबुळाच्या कडेला, जेलीसारखी किंवा पांढऱ्या खवल्यासारखी उंच वाढ, तिच्याकडे धावणाऱ्या जाड वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, आणि बुबुळावर सरकणारा धुरकट थर. टेरिजियमचं टोक त्रिकोणी आणि सपाट असतं. एखाद्या टेरिजियमवर पांढरा खडबडीत ठिपका दिसला तर ते साधं समजून काढू नका. रोझ बेंगाल किंवा लिसामाइन ग्रीनचा थेंब घातला की खराब थर रंग धरतो आणि वाढीची खरी हद्द दिसते. तरुण माणसात ही वाढ दिसली तर एचआयव्हीची चाचणी करायला सांगायची, संकोच न करता. कितीतरी वेळा तो आजार पहिल्यांदा इथेच उघडकीला येतो.

काळ्या डागांत तीळ लहानपणी किंवा तारुण्यात येतो, कंजंक्टायव्हासोबत सरकतो आणि स्लिट लॅम्पखाली त्यात बारीक पारदर्शक सिस्ट दिसतात. सिस्ट दिसल्या की मी बराच निश्चिंत होतो. सावळ्या लोकांत दोन्ही डोळ्यांत बुबुळाभोवती तपकिरी कडं असतं, तो त्वचेच्या रंगाचाच भाग. मध्यमवयात एकाच डोळ्यात नव्याने आलेला, सपाट, साखर पेरल्यासारखा तपकिरी डाग मात्र वेगळा. तो प्रायमरी ॲक्वायर्ड मेलॅनोसिस. कंजंक्टायव्हाचे बहुतेक मेलॅनोमा यातूनच होतात. घड्याळाच्या एका तासाएवढ्या जागेत मावणारा डाग फोटो काढून नजरेखाली ठेवता येतो. मोठा, जाड होणारा किंवा बुबुळावर चढणारा डाग काढून तपासावा लागतो. पापणीच्या आतल्या बाजूला, फॉर्निक्समध्ये किंवा कोपऱ्यातल्या मांसल बोंडावर काळा डाग असेल तर तो तीळ असण्याची शक्यता कमी, आणि मेलॅनोमा निघाला तर तो वाईट जागचा.

गुलाबी, गुळगुळीत, न दुखणारा, पापणी वर केली की दिसणारा केशरी-गुलाबी पट्टा म्हणजे लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा, संशय. गडद लाल, रक्त साकळल्यासारखी पण आठवडे उलटले तरी न विरणारी गाठ कापोसी सार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असू शकते, तिथेही एचआयव्ही.

अँटिरिअर सेगमेंट ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाचे थर दाखवणारं प्रकाशाचं स्कॅन, असेल तर जरूर वापरा. स्क्वॅमस निओप्लाझियात वरचा थर जाड आणि चमकदार दिसतो, आणि निरोगी थरापासून तो अचानक, कापल्यासारखा वेगळा होतो. टेरिजियममध्ये वरचा थर पातळच, जाडी त्याच्या खाली. वाढ पांढऱ्या कवचात खोल गेल्याचा संशय असेल तर अल्ट्रासाऊंड बायोमायक्रोस्कोपी (डोळ्याच्या पुढच्या भागाची बारीक सोनोग्राफी) आणि गोनिओस्कोपी (बुबुळामागचा कोन भिंगातून बघणं). खोबणीत शिरल्याची शंका असेल तर एमआरआय किंवा सीटी.

तुकडा घेणं

बहुतेक चुका इथेच होतात, आणि बहुतेक टाळता येतात.

पापणीवर मोठी, संशयास्पद गाठ असेल तर आधी छोटा तुकडा घेऊन निदान पक्कं करावं. तुकडा कडेवरून घ्या, निरोगी भागासकट आणि खोलीसह; मधल्या कुजलेल्या भागातून घेतला तर रिपोर्टमध्ये फक्त मृत पेशी येतात. कंजंक्टायव्हावर नियम उलटा. मेलॅनोमाचा किंवा मर्यादित स्क्वॅमस वाढीचा संशय असेल तर अर्धा तुकडा काढू नका, शक्य असेल तर पूर्ण काढा, कारण कापलेल्या जागेतून पेशी सांडतात. लिम्फोमा आणि संपूर्ण पसरलेली वाढ हे अपवाद; तिथे तुकडाच घ्यायचा.

सिबेशियसचा संशय असेल तर मॅप बायोप्सी: वरच्या-खालच्या पापणीची आतली बाजू आणि बुबुळाभोवतीचा कंजंक्टायव्हा अशा अनेक ठरलेल्या जागांवरून छोटे तुकडे, प्रत्येक वेगळ्या बाटलीत, प्रत्येक बाटलीवर जागेचं नाव. आकृती काढून आकडे द्या आणि आकृतीची एक प्रत पॅथॉलॉजिस्टला पाठवा.

कंजंक्टायव्हाचा तुकडा नुसता फॉर्मालिनमध्ये टाकला तर कागदाच्या सुरळीसारखा गुंडाळतो आणि कडा वाचता येत नाहीत. तो आधी फिल्टर पेपरवर पसरवा, अर्धा मिनिट चिकटू द्या, कोणती बाजू नाकाकडे ते टाक्याने किंवा शाईने खूण करा आणि मग कागदासकट १० टक्के फॉर्मालिनमध्ये सोडा. लिम्फोमाचा संशय असेल तर एक भाग ताजा, सलाइनमध्ये, फ्लो सायटोमेट्री या पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी. सगळाच फॉर्मालिनमध्ये गेला तर ती तपासणी होत नाही. सिबेशियससाठी ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग वापरायचा असेल तर तेही आधी सांगावं लागतं, कारण नेहमीच्या प्रक्रियेत चरबी विरघळून जाते. आता ॲडिपोफिलिन या चरबीच्या थेंबांवरच्या प्रथिनाच्या तपासणीने ही अडचण बरीच सुटली आहे. फॉर्मवर ‘पापणीची गाठ’ एवढंच लिहू नका. किती दिवसांची, कितव्यांदा आली, तुमचा संशय काय, हे लिहा. पॅथॉलॉजिस्टला ज्योतिष येत नाही.

पापणीचा कॅन्सर काढताना

पापणीच्या गाठीचं वर्गीकरण १०, २० आणि ३० मिलिमीटरच्या टप्प्यांवर आणि ती कडेत, पूर्ण जाडीत किंवा खोबणीत शिरलीय का यावर चालतं. उपचाराचा कणा मात्र एकच: कडा तपासत पूर्ण काढणं. साधारण अंदाज म्हणून बेसल सेलला भोवती ३ ते ४ मिलिमीटर निरोगी भाग, स्क्वॅमस आणि सिबेशियसला ५ मिलिमीटरच्या आसपास. आकड्यावर विसंबून राहू नका. कडा स्वच्छ आहेत हे सूक्ष्मदर्शकाने सांगितलं पाहिजे. फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीत थर काढून लगेच संपूर्ण कड तपासतात आणि जिथे पेशी दिसतात तेवढाच भाग पुन्हा काढतात. आतल्या कोपऱ्यासाठी, मॉर्फियासाठी आणि परत आलेल्या गाठीसाठी ही पद्धत किंवा फ्रोझन सेक्शन, म्हणजे सर्जरी चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं, उत्तम. सिबेशियसच्या पॅजेटॉइड पेशी फ्रोझनवर निसटतात, म्हणून तिथे पक्क्या रिपोर्टसाठी दोन-चार दिवस थांबून मग पापणी बांधणं शहाणपणाचं. रुग्ण पट्टीला कंटाळतो, पण सुंदर फ्लॅपखाली, म्हणजे शेजारून सरकवून आणलेल्या कातडीखाली, कॅन्सर शिवून ठेवण्यापेक्षा ते बरं.

पापणी परत बांधताना ती किती गेली यावर सगळं ठरतं. पाव भागापर्यंत, म्हाताऱ्या सैल पापणीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, थेट शिवता येते. त्यापुढे बाहेरच्या कोपऱ्याचा बंध सोडवून आणि टेन्झेलचा अर्धगोल फ्लॅप सरकवून साधारण निम्म्यापर्यंत. निम्म्याहून जास्त खालची पापणी गेली तर ह्यूजेस फ्लॅप, वरची गेली तर कटलर-बिअर्ड. या दोन्हींत समोरच्या पापणीचा भाग उसना घेतात, म्हणून डोळा काही आठवडे शिवून बंद राहतो. ज्याला तो एकच दिसणारा डोळा आहे, किंवा ज्या लहान मुलाची नजर अजून घडतेय, त्याच्यासाठी दुसरा मार्ग शोधा. आणि पापणीचा पुढचा थर, मागचा थर, या दोन्हींपैकी निदान एकाला स्वतःचा रक्तपुरवठा हवाच. कलमावर कलम ठेवलं की दोन्ही मरतात.

मेलॅनोमा, मर्केल आणि मोठ्या सिबेशियस गाठीत सेंटिनल लिम्फ नोड बायोप्सीचा, म्हणजे कॅन्सर जिथे आधी पोचतो ती लसिका ग्रंथी तपासण्याचा, विचार करावा. खोबणीत पसरलेल्या कॅन्सरला पूर्वी एक्झेंटरेशन, म्हणजे डोळ्यासकट खोबण रिकामी करणं, हाच पर्याय होता. आता पसरलेल्या बेसल सेलला व्हिस्मोडेगिब आहे, अमेरिकेत २०१२ पासून मान्य. स्नायूंत गोळे येतात, चव जाते, केस गळतात, आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही. पसरलेल्या त्वचेच्या स्क्वॅमसला सेमिप्लिमॅब २०१८ मध्ये मान्य झालं. सर्जरी झेपणार नाही अशांना रेडिएशन, पण मागे कोरडा डोळा ठेवून.

कंजंक्टायव्हाची सर्जरी आणि थेंब

इथली पद्धत ‘नो टच’ नावाने ओळखली जाते. वाढीला चिमटा लावायचाच नाही; भोवतीचा ४ मिलिमीटर निरोगी भाग धरून उचलायचं. बुबुळावरचा थर निर्जल अल्कोहोल भिजवलेल्या स्पंजने काही सेकंद टेकवून सैल करायचा आणि बुबुळाच्या त्याखालच्या बोमन थराला धक्का न लावता गुंडाळून आणायचा. मग राहिलेल्या कंजंक्टायव्हाच्या कडा वर उचलून क्रायो, म्हणजे अतिथंडीचा उपचार: गोठवा, हळूहळू वितळू द्या, पुन्हा गोठवा. वाढ पांढऱ्या कवचाला चिकटली असेल तर त्याचा पातळ थरही काढा. जखम बंद करण्याआधी हत्यारं बदला. ही पायरी कंटाळ्याने गाळली जाते, आणि तीच हत्यारं स्वच्छ जागेत पेशी पेरतात. मोठी जागा उघडी राहिली तर ॲम्निऑटिक मेंब्रेन, म्हणजे गर्भाभोवतीच्या पडद्याचा तुकडा, लावा.

वरच्या थरापुरत्या, पसरट स्क्वॅमस वाढीला थेंबांनीही बरं करता येतं. १ टक्का फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल दिवसातून चार वेळा एक आठवडा, मग तीन आठवडे खंड, असे साधारण चार फेरे. इंटरफेरॉन अल्फा-२बी, मिलिलिटरला १० लाख युनिट, दिवसातून चार वेळा काही महिने. डोळ्याला सर्वांत सौम्य, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मायटोमायसिन सी ०.०२ ते ०.०४ टक्के झपाट्याने काम करतं, पण डोळा आगपाखड करतो आणि जास्त झालं तर बुबुळाच्या मूळपेशी मरतात. जखम भरल्याशिवाय ते सुरू करू नका, अश्रूंच्या छिद्रात प्लग बसवा, पापणीच्या कातडीला व्हॅसलिन लावा. गाठ जाड, घट्ट बसलेली किंवा खोल गेलेली असेल तर थेंबांवर महिने घालवू नका.

कवचात पेशी उरल्या तर रुथेनियम प्लाकचं, म्हणजे डोळ्यावर काही काळ टाचलेल्या किरणोत्सर्गी चकतीचं, रेडिएशन. वाढ डोळ्याच्या आत गेली तर डोळा काढावा लागतो. लिम्फोमाचं तंत्र वेगळं: आधी पूर्ण शरीराची तपासणी, आणि आजार डोळ्यापुरता असेल तर रेडिएशनने उत्तम आटोक्यात येतो.

नंतर

पहिल्या दोन वर्षांत दर तीन-चार महिन्यांनी बोलवा, नंतर अंतर वाढवा. सिबेशियसला निदान पाच वर्षं, मेलॅनोमाला आयुष्यभर. दर वेळी तेच: खिडकीचा उजेड, दोनदा उलटलेली पापणी, चाचपलेल्या ग्रंथी, फोटो.

त्या बाईंची मॅप बायोप्सी झाली, दोन जागी पेशी निघाल्या, वरच्या पापणीचा मोठा भाग गेला, डोळा वाचला. त्यांच्यानंतर मी एक साधी वही सुरू केली, ती अजून चालू आहे. चार रकाने: तुकडा कधी पाठवला, रिपोर्ट कधी आला, काय आला, रुग्णाला कोणी कळवलं. पाठवलेला तुकडाही टाकलेल्या गॉझएवढाच निरुपयोगी ठरतो, जर रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहिला. शनिवारी दवाखाना बंद करण्याआधी आमच्या सिस्टर वही उघडतात, आणि चौथा रकाना रिकामा दिसला की फोन माझ्या हातात देतात.